दम्याने बेजार मुलगा अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होतो तेव्हा

टेडी बेअर कोणाला माहीत नाही? घरात लहान मूल असलं की कापसाचं हे अस्वल कुठून तरी येतंच. पण त्याला 'टेडी' हे नाव एका खऱ्या माणसावरून पडलं, हे फार थोड्या मुलांना ठाऊक असतं. तो माणूस म्हणजे अमेरिकेचे २६वे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्ट. आज आम्ही आमच्या बालवाचकांना त्यांचीच गोष्ट सांगणार आहोत.

२७ ऑक्टोबर १८५८ रोजी न्यूयॉर्कमधल्या एका श्रीमंत घरात त्यांचा जन्म झाला. पैशांची कमी नव्हती, पण तब्येत अगदीच नाजूक. दम्यामुळे रात्र-रात्र झोप नाही. मोकळी हवा मिळावी म्हणून वडील त्यांना घोडागाडीत घालून मध्यरात्री रस्त्यांवरून फिरवायचे. डोकं हुशार आहे, पण शरीर तुलाच मेहनतीने घडवावं लागेल, असं वडिलांनी समजावलं आणि मुलाने ते मनावर घेतलं. घरातच व्यायामशाळा उभी राहिली. पुढे तो बॉक्सिंगही शिकला.

तेराव्या वर्षी डोळ्यांवर चष्मा आला आणि आजवर आपल्याला किती कमी दिसत होतं, हे त्याला कळलं. १८७२-७३ च्या हिवाळ्यात हे कुटुंब इजिप्तला गेलं. नाईल नदीवर बोटीने फिरताना तो पक्ष्यांचे नमुने जमवायचा. निसर्गाचा हा छंद आयुष्यभर सुटला नाही.

हार्वर्डमधून पदवी घेतल्यावर तरुण वयातच ते न्यूयॉर्कच्या विधिमंडळात निवडून गेले. पण १४ फेब्रुवारी १८८४ ला त्यांच्यावर आभाळच कोसळलं. एकाच दिवशी, एकाच घरात आई आणि पत्नी दोघींचं निधन झालं. मुलगी फक्त दोन दिवसांची होती. तिला बहिणीकडे सोपवून ते दूर डाकोटाच्या ओसाड प्रदेशात गेले, तिथे गुरं पाळली, घोडे दौडवले. १८८६-८७ च्या भयानक थंडीत बरीचशी गुरं मेली. मोठं नुकसान झालं, पण माणूस मात्र पुन्हा उभा राहिला.

पुढे न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याचे प्रमुख असताना शिपाई ड्युटीवर जागे आहेत की झोपलेत, हे पाहायला ते रात्री स्वतः गस्त घालायचे. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांची हत्या झाली आणि उपाध्यक्ष असलेले रुझवेल्ट ४२व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले. इतक्या कमी वयात ते पद दुसऱ्या कोणालाच मिळालेलं नाही.

१९०२ मध्ये कोळसा खाणीतल्या कामगारांनी मोठा संप केला. सरकारने मालकांच्या बाजूने उभं राहायचं, हीच तोवरची रीत. रुझवेल्टनी दोन्ही बाजूंना चर्चेला बोलावलं. शेवटी कामगारांना १० टक्के पगारवाढ मिळाली, कामाचे तासही कमी झाले. त्याच वर्षी मिसिसिपीत शिकारीला गेले असताना बांधून ठेवलेल्या जखमी अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्याचं व्यंगचित्र छापून आलं आणि त्यावरूनच टेडी बेअर जन्माला आलं. १९०६ मध्ये खाण्यापिण्याच्या वस्तूंतली आणि औषधांतली भेसळ रोखणारा कायदा झाला. जंगलं, पक्षी आणि डोंगरदऱ्या वाचवण्यासाठी त्यांनी सुमारे २३ कोटी एकर जमीन राखीव केली. रशिया-जपान युद्ध थांबवल्याबद्दल त्यांना शांततेचं नोबेलही मिळालं.

पण मुलांनो, चांगली बाजू तेवढी सांगून थांबणं आम्हाला पटत नाही. १९०६ मध्येच टेक्सासमधल्या ब्राउन्सव्हिलच्या गोळीबारानंतर त्यांनी १६७ कृष्णवर्णीय सैनिकांना खटला न चालवताच लष्करातून काढून टाकलं. ते निर्दोष होते, हे लष्कराने मान्य केलं १९७२ मध्ये. तोपर्यंत त्यातले बहुतेक जण हयातच नव्हते. भारतातल्या इंग्रजी राजवटीचं रुझवेल्टनी जाहीर कौतुक केलं. १९१० मध्ये कैरोच्या विद्यापीठात स्वराज्याची लायकी यायला पिढ्या लागतात, असं त्यांनी इजिप्तच्या लोकांना सुनावलं, तेव्हा तिथले विद्यार्थी निषेध करत रस्त्यावर उतरले. लहानपणी दुबळं शरीर जिद्दीने घडवणाऱ्या या माणसाला दुसऱ्या कौमांची जिद्द मात्र दिसली नाही, याचं आम्हाला वाईट वाटतं.

हिंमत मात्र शेवटपर्यंत तशीच राहिली. १९१२ मध्ये मिलवॉकीत प्रचारादरम्यान त्यांच्या छातीत गोळी घुसली. खिशातली चष्म्याची डबी आणि घडी केलेलं ५० पानी भाषण आडवं आलं म्हणून जीव वाचला. तशाच रक्ताळलेल्या शर्टात ते दीड तास बोलले. ती गोळी कायम शरीरातच राहिली. १९१८ मध्ये धाकटा मुलगा क्वेंटिन महायुद्धात मारला गेला आणि हा धक्का त्यांना फार लागला. ६ जानेवारी १९१९ रोजी वयाच्या ६०व्या वर्षी झोपेतच त्यांचं निधन झालं.

आता घरातलं टेडी बेअर हातात घ्याल तेव्हा हा माणूस आठवा. त्याची मेहनत आणि धाडस जरूर घ्या. आणि त्या १६७ सैनिकांनाही विसरू नका.