हिवतापाचे कोडे उलगडणारा डॉक्टर

१८९५ साली इंग्लंडहून आलेली बोट मुंबईला लागली, तेव्हा डॉ. रोनाल्ड रॉस सामान सोडवून घेण्यासाठीही थांबले नाहीत. ते थेट रुग्णालयात गेले आणि हिवतापाच्या रुग्णांचे रक्त तपासू लागले. हिवतापाचा डासांशी संबंध असावा, हा पॅट्रिक मॅन्सन यांचा तर्क त्यांना सिद्ध करायचा होता.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. त्यांना ओढ होती काव्य-संगीताची. मात्र लष्करी अधिकारी असलेल्या वडिलांच्या आग्रहामुळे ते वैद्यकाकडे वळले. १८८१ मध्ये ते भारतीय वैद्यकीय सेवेत दाखल झाले.

मुंबईहून ते सिकंदराबादला गेले. दोन वर्षे डासांचे विच्छेदन करूनही हाती काही लागेना, कारण तपासले जाणारे डासच वेगळ्या जातीचे होते. अखेर ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. हुसेन खान या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन ते स्वतःला चावू दिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांपैकी एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉस यांना हिवतापाचा परजीवी दिसला.

यश दृष्टिपथात आले असतानाच त्यांची राजपुतान्यातील खेरवाड्याला बदली झाली व संशोधन खोळंबले. १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी परजीवीचा डासाच्या लाळग्रंथीपर्यंतचा प्रवास उलगडला. माणसांबाबतचा पुरावा इटलीच्या ग्रासी यांनी दिला. श्रेयाचा वाद कडवट झाला. १९०२ चे नोबेल मात्र एकट्या रॉस यांना मिळाले.

पुढे सिएरा लिओनपासून मॉरिशसपर्यंत त्यांनी एकच आग्रह धरला : डासांची पैदास होणारे पाणी शोधा आणि हटवा. मुंबईतही १९११ मध्ये डॉ. बेंटले यांच्या पाहणीने शहरातील विहिरींकडे बोट दाखवले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी रॉस यांचे लंडनमध्ये निधन झाले.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणाऱ्या हिवतापावरील लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. तरीही रॉस यांचा धडा जुना झालेला नाही. वसई-विरारमध्ये वाडीच्या शिंपणासाठी खोदलेली बावखले होती. त्यांतील मासे डासांच्या अळ्या खात. आज अनेक बावखले बुजली आहेत आणि पाणी साचते ते इमारतींच्या उघड्या टाक्यांत, अर्धवट बांधकामांत. तिथे डोकावण्यासाठी सूक्ष्मदर्शकाची गरज नाही.