पोटरीचे लवणे आणि कोटणीसांचे झटके

परवा ओपीडीत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एक तरुण आला. तीन आठवड्यांपासून त्याची पोटरी लवत होती, मधूनच डोळ्याची पापणीही फडफडायची. मोबाइलवर वाचून त्याने ठरवूनच टाकले होते की, स्टीफन हॉकिंगना झालेला मोटर न्यूरॉनचा आजार आपल्याला जडला. मी त्याला टाचांवर चालवले, चवड्यांवर उभे केले, स्नायू चाचपले. ताकद शाबूत, स्नायू कुठे वाळलेले नाहीत. तो आजार वर्षाला लाखामागे एक-दोघांना होतो, आणि त्यात बहुधा हातातला पेला निसटणे, चप्पल पायातून सुटणे असा अशक्तपणा दिसतो. नुसते लवणे हे बहुतेक वेळा जागरण, चहा आणि काळजी यांचे असते. या गड्याला तिन्ही भरपूर होते.

मेंदूतून येणारे झटके वेगळे. ते आठवले की सोलापूरकराला डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवायला हवेत. त्यांच्यावर सिनेमा निघाला, गावात स्मारक झाले; पण ते कशाने गेले हे विचारले तर फार थोडे जण सांगू शकतात.

कोटणीसांचा जन्म इथलाच, 10 ऑक्टोबर 1910चा. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात ते डॉक्टर झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने 1938 मध्ये पाच डॉक्टरांचे पथक पाठवले, त्यात हे होते. वय अवघे सत्तावीस. पुढे येनान आणि मग उत्तर चीनच्या डोंगराळ भागात त्यांनी फिरत्या रुग्णालयांतून जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या. एका लढाईत ते सलग 72 तास टेबलापाशी उभे होते असे सांगतात. जानेवारी 1941 मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालकपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षी गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले.

याच काळात अपस्माराने, म्हणजे आपल्याकडच्या आकडीने, त्यांना गाठले. झोप नाही, खाण्याची आबाळ, वर युद्ध. ज्याला आकडी येते त्याच्यासाठी जागरण हे विषच. पण काम कमी झाले नाही. मला रुखरुख लागते ती एका योगायोगाची. फेनिटॉइन हे औषध आकडीवर लागू पडते हे 1938 मध्येच, कोटणीस बोटीत बसले त्याच वर्षी, जगापुढे आले होते. फिनोबार्बिटोन तर त्याआधी पंचवीस-एक वर्षांपासून वापरात होते. वेढ्यात सापडलेल्या त्या डोंगरात मात्र साध्या औषधांचीही वानवा होती.

23 ऑगस्ट 1942 रोजी मुलगा झाला. भारत आणि चीन या दोन्ही नावांतले एकेक अक्षर घेऊन त्याचे नाव इनहुआ ठेवले. तो साडेतीन महिन्यांचा असताना, 9 डिसेंबरला, लागोपाठ आलेल्या झटक्यांनी त्याचे वडील गेले. वय बत्तीस. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधीच दुसरी आली, तर ती जिवावर बेतू शकते. आज अशा रुग्णाला आम्ही शिरेतून औषध देतो आणि बहुतेक जण वाचतात. पण त्याला वेळेत आणावे लागते. कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात, दातांत चमचा कोंबण्यात तो वेळ जातो. माणसाला कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही आणि घड्याळ बघायचे.

त्या तरुणाला मी सवयीने विचारले, कधी शुद्ध हरपली का, जीभ चावली गेली का? तो म्हणाला, मला नाही, पण वहिनीला होते. मग आवाज खाली आणून सांगितले की लग्नाआधीपासूनच होते, आता सासरचे बाहेर कळू देत नाहीत, गंडा बांधला आहे. स्वतःच्या पोटरीसाठी तो आधी दोन दवाखाने फिरून आला होता. वहिनीला एकदाही कुणी डॉक्टरकडे नेले नव्हते.

गुरुवारी तिला घेऊन यायला सांगितले आहे. झटका येताना पाहिलेले माणूस सोबत हवे, हेही बजावले.