डॉक्टर वसंत रामजी खानोलकर

शत्रू डोळ्यांना दिसला म्हणजे त्याच्यापासून सावध राहणे फारसे कठीण नसते. परंतु जो दिसत नाही, ज्याच्या स्पर्शाने वेदना होत नाही, आणि ज्याचा अपाय कित्येक वर्षांनी प्रकट होतो, अशा शत्रूविषयी मनुष्यास जागे करणे हे मोठ्या चिकाटीचे काम आहे. ते काम ज्यांनी जन्मभर केले, त्या महाराष्ट्रीय शास्त्रज्ञाचा हा अल्प परिचय विद्यार्थिवर्गास व त्यांच्या पालकांस उपयुक्त वाटेल अशी आशा आहे.

डॉ. खानोलकर यांचा जन्म १८९५ साली झाला. योगायोग असा की, त्याच वर्षी जर्मनीत प्राध्यापक राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. खानोलकरांनी लंडन विद्यापीठाची एम. डी. ही पदवी १९२३ साली संपादन केली. रोगामुळे शरीराच्या घटकांत कोणते फेरफार होतात हे सांगणारे विकृतिशास्त्र हा त्यांचा विषय. स्वदेशी परतल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात व पुढे सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. १९४१ साली परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

कर्करोग हा दैवाचा घाला, अशी लोकांची समजूत होती. खानोलकर मात्र रोग्याच्या राहणीकडे पाहत. कमरेला रोज एकाच जागी घट्ट नेसलेल्या धोतराचा काच, पेटते टोक तोंडात धरून चिरूट ओढण्याची आंध्रातील चाल, ओठाआड तंबाखू-चुना धरून ठेवण्याची सवय, यांचा त्या त्या जागच्या कर्करोगाशी असलेला संबंध त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ साली जगापुढे मांडला. धोतर तर आपल्या जिल्ह्यातील शेतकऱ्याचा नित्याचा पोशाख! थोडासा अपाय, पण रोजचा, हेच अनर्थाचे मूळ असू शकते, हा धडा त्यांनी घालून दिला. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक झाले. कुष्ठरोगावरील त्यांचे संशोधनही मान्यता पावले.

याच धड्याचा उपयोग पुढे साऱ्या जगाला झाला. क्ष-किरण व रेडियम हाताळणाऱ्या कित्येक आद्य डॉक्टरांचे हात जळून निकामी झाले होते, आणि अनेकांनी प्राणही गमावले होते. म्हणून १९२८ साली स्टॉकहोम येथे किरणांपासून संरक्षणाचे नियम करणारी आंतरराष्ट्रीय समिती नेमण्यात आली. परंतु अणुबाँबने हा प्रश्न रुग्णालयाच्या भिंतीबाहेर आणला. १९५४ साली बिकिनी बेटावरील स्फोटाची राख दूरवर असलेल्या जपानी कोळ्यांच्या नौकेवर पडली व तेवीस जण आजारी झाले. तेव्हा संयुक्त राष्ट्रसंघाने १९५५ साली पंधरा देशांच्या शास्त्रज्ञांची समिती नेमली. तीत भारताचे प्रतिनिधी म्हणून डॉ. खानोलकर बसले. स्वीडनचे विख्यात किरणतज्ज्ञ सीव्हर्ट हेही त्याच समितीत होते. त्यांचे नाव आज किरणमात्रेच्या एककास दिलेले आहे.

परस्परांविषयी साशंक असलेली अमेरिका व रशिया ही राष्ट्रे त्या समितीत एकत्र बसली. केरळच्या किनाऱ्यावरील वाळूत थोरियम असून तेथे लोक पिढ्यान्पिढ्या राहतात, ही भारतातील गोष्टही समितीच्या विचारात आली. १९५८ साली समितीने पहिला अहवाल दिला. किरणांची अत्यल्प मात्राही पुढील पिढीस अपायकारक ठरण्याचा संभव आहे, असे त्यात बजावले होते. हे श्रेय एकट्या खानोलकरांचे नव्हे, परंतु त्या पंधरा देशांत भारताची जागा त्यांनी राखली, हे विसरता येत नाही. १९६३ साली अमेरिका, ब्रिटन व रशिया यांनी हवेतील अणुचाचण्या बंद करण्याचा करार केला.

खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले व राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक हा सन्मानही त्यांना लाभला. १९७८ साली ते निवर्तले.

क्ष-किरणांचा फोटो काढताना यंत्र चालविणारा मनुष्य शिशाच्या आडोशामागे उभा राहतो. तो भित्रा आहे असे समजू नका. एकदाच किरण घेणारा रोगी आणि रोज किरणांजवळ वावरणारा मनुष्य यांतील भेद जाणणाऱ्यांनी तो नियम केला आहे. विद्यार्थ्यांनो, आज क्षुल्लक वाटणारी वाईट सवयही अशीच मोजून पाहावी. जन्मास न आलेल्या पिढीचीही काळजी वाहणे, याहून मोठी लोकसेवा ती कोणती?