फादर आंद्राद आणि त्यांचें हिमालयाचें पुस्तक

हातखंब्याच्या तिठ्यावरून दक्षिणेस जाणारा रस्ता गोव्यास पोंचतो. त्याच गोव्यांत इ. स. १६०० सालीं पोर्तुगालचा एक वीस वर्षांचा तरुण जहाजानें उतरला. हिमालयप्रवासाचे जुने ग्रंथ जमविणारे ज्यांचें पुस्तक आदरानें शोधतात, ते फादर आंतोनियु द आंद्राद हेच होत.

३० मार्च १६२४ रोजीं ते बंधु मानुएल मार्केस यांसह आग्र्याहून निघाले व हिंदु यात्रेकरूंच्या वेषांत बदरीनाथाकडे जाणाऱ्या संघास मिळाले. पुढें सुमारें १८,००० फूट उंचीच्या माणा खिंडींत बर्फानें त्यांस गांठलें. पाय बधिर झाले, डोळे दिपले, वाट दिसेना. तेव्हां त्यांनीं माघार घेतली. बर्फ वितळूं लागल्यावर ते पुन्हां चढले आणि ऑगस्टांत तिबेटांतील त्सापरांग येथें पोंचले.

नोव्हेंबरांत आग्र्यास परतून त्यांनीं लिहिलेला वृत्तांत १६२६ सालीं लिस्बन येथें छापला गेला. त्यांत त्यांनीं आपली माघार लपविली नाहीं. आम्हांस त्या पुस्तकाचें खरें मोल येथेंच दिसतें. पुढें ते गोव्यांत आपल्या संघाचे प्रांतप्रमुख झाले आणि १९ मार्च १६३४ रोजीं तेथेंच विषप्रयोगानें त्यांचा अंत झाला.

मनुष्य गेला, पुस्तक उरलें. विद्यार्थीमित्रहो, घरच्या माळ्यावरील जुनें पुस्तक वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं एकदां उघडून पाहा. पालकांसही आमची हीच विनंति आहे.