अर्नेस्ट सॉल्व्हे

सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यात करकंब नावाचे मोठे गाव आहे. या भागातील पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. अशा पाण्यात साबण कितीही घासला तरी त्याला फेस येत नाही. उलट पाण्यावर पांढरट साका धरतो, आणि कपड्यांचा मळ जेथल्या तेथेच राहतो. अशा वेळी घरातील जाणती स्त्री पाण्यात थोडा धुण्याचा सोडा टाकते. पाण्यात विरघळलेले चुन्याचे क्षार सोड्याशी संयोग पावून तळाशी बसतात, आणि मग त्याच पाण्यात साबणाला भरपूर फेस येतो. तेलकट ओटा, चिकट झालेले डबे, तुपकट बरण्या यांनाही हाच सोडा स्वच्छ करतो.

धुण्याचा सोडा घरात नसला तरी अडून राहण्याचे कारण नाही. भजी हलकी व्हावीत म्हणून पिठात जो खाण्याचा सोडा घालतात, तो कोरड्या लोखंडी तव्यावर पसरून चांगला तापवावा. थोड्याच वेळात ती पांढरी पूड उकळत्या पाण्यासारखी हालू लागते. तिच्यातून पाण्याची वाफ आणि कर्बवायू बाहेर पडत असतात. पूड हालायची थांबली की खाली जो राहतो तो धुण्याचा सोडा. शंभर ग्रॅम खाण्याचा सोडा पुरता तापवला, तर सुमारे त्रेसष्ट ग्रॅम धुण्याचा सोडा मिळतो. बाकीचे सदतीस ग्रॅम हवेत निघून गेलेले असतात. हा सोडा तीव्र असतो. म्हणून मुलांनी हा प्रयोग वडीलधाऱ्या माणसांच्या देखत करावा, सोडा डोळ्यांत व तोंडात जाऊ देऊ नये, आणि ॲल्युमिनियमची भांडी, रेशीम व लोकर यांना तो लावू नये.

तव्यावर घडणारी ही साधी क्रिया जगातील मोठमोठ्या कारखान्यांत रात्रंदिवस चालते. मिठापासून प्रथम खाण्याचा सोडा तयार करावयाचा आणि तो तापवून त्याचा धुण्याचा सोडा करावयाचा, ही रीत ज्याने कारखान्यात यशस्वी करून दाखविली, त्या बेल्जियन पुरुषाचे नाव अर्नेस्ट सॉल्व्हे.

सॉल्व्हेच्या पूर्वीही जगाला सोडा लागतच असे. काच, साबण आणि कागद यांचे कारखाने सोड्यावाचून चालत नाहीत. फार प्राचीन काळी लोक तो निसर्गातून मिळवीत. ईजिप्त देशात सुकलेल्या सरोवरांच्या तळातून तो खणून काढीत. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी असेच खारट व सोडायुक्त आहे, आणि तेथूनही पूर्वी खार काढला जात असे. युरोपात समुद्रकाठच्या वनस्पती जाळून त्यांच्या राखेतून सोडा काढीत. परंतु कारखाने वाढले तशी ही राख पुरेनाशी झाली. तेव्हा निकोलस लेब्लाँ नावाच्या फ्रेंच वैद्याने मिठापासून सोडा करण्याची युक्ती शोधली आणि १७९१ साली तिचे पेटंट मिळविले. दुर्दैवाने फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत त्याचा कारखाना जप्त झाला. मिळावयाचे बक्षीसही त्याच्या हाती पडले नाही, आणि १८०६ साली विपन्नावस्थेत त्याचा अंत झाला.

लेब्लाँची रीत मात्र युरोपभर पसरली. त्या रीतीत गंधकाचे तेजाब लागे आणि दगडी कोळसाही पुष्कळ खर्ची पडे. तिच्यातून मिठाच्या तेजाबाचे झोंबणारे धुके बाहेर पडे. त्या धुक्याने आसपासची झाडे वाळत आणि माणसांचे श्वास कोंडत. कारखान्याबाहेर दुर्गंधी चोथ्याचे ढीग साचत. लोकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की १८६३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटला या धुराला आळा घालणारा कायदा करावा लागला. कपडे स्वच्छ करणारा सोडा गावेच्या गावे घाण करीत होता.

अशा काळात, १६ एप्रिल १८३८ रोजी, बेल्जियममधील रेबेक या लहानशा गावी अर्नेस्टचा जन्म झाला. त्याच्या वडिलांचा दगडाच्या खाणीचा आणि मीठ शुद्ध करण्याचा व्यवसाय होता. त्यामुळे दगड आणि मीठ या दोन वस्तू अर्नेस्टने अगदी लहानपणापासून पाहिल्या होत्या. पुढे या दोन वस्तूंनीच त्याचे भाग्य घडविले. शाळेत असताना त्याला पदार्थविज्ञान आणि रसायन या विषयांची गोडी लागली. विद्यापीठात जाऊन इंजिनियर व्हावे, अशी त्याची मनीषा होती.

परंतु ऐन उमेदीच्या वयात त्याला फुप्फुसाच्या आवरणाचा आजार जडला. विद्यापीठाचा विचार सोडून द्यावा लागला. एखादा मुलगा अशा वेळी खचून गेला असता. अर्नेस्टने मात्र घरी पुस्तके वाचली, जमतील तेवढे प्रयोग केले आणि आपले शिक्षण आपणच चालू ठेवले. प्रकृती सुधारल्यावर त्याच्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी त्याला ब्रुसेल्स शहरी आपल्याकडे कामास बोलावले. हे नातलग तेथील गॅसच्या कारखान्याचे व्यवस्थापक होते.

त्या काळी युरोपातील शहरांतले रस्ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसच्या दिव्यांनी उजळत. हा गॅस धुऊन शुद्ध करताना उग्र वासाचे पाणी उरे. त्यात अमोनिया असे. नवसागर आणि चुना एकत्र चोळला असता नाकाला झोंबणारा जो वास येतो, तोच हा अमोनिया. या टाकाऊ पाण्याचा काही उपयोग करता येईल का, हे पाहण्याचे काम तरुण अर्नेस्टकडे आले. मिठाच्या संपृक्त पाण्यात अमोनिया मुरवून त्यातून कर्बवायू सोडला, तेव्हा भांड्याच्या तळाशी पांढरा साका बसू लागला. तो खाण्याचा सोडा होता! हा साका तापविला की धुण्याचा सोडा हाती येई. गंधकाचे तेजाब लागत नव्हते आणि विषारी धुकेही निघत नव्हते. १८६१ साली, वयाच्या तेविशीच्या सुमारास, अर्नेस्टने या रीतीचे पेटंट मिळविले.

अर्नेस्टला वाटले होते, की ही क्रिया आपणच प्रथम शोधली. लवकरच त्याला कळून चुकले, की तसे नाही. त्याच्या आधी पन्नास वर्षांपासून फ्रान्स आणि इंग्लंड या देशांतील नामांकित रसायनशास्त्रज्ञांना ही क्रिया ठाऊक होती. कित्येकांनी तिच्यावर कारखाने काढले होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाला ते बंद करावे लागले होते. अडचण एकच होती. अमोनिया महाग असे. तो वायुरूप असल्यामुळे यंत्रातून निसटून जाई. सोड्याच्या किमतीपेक्षा वाया गेलेल्या अमोनियाची किंमतच अधिक होई. विद्वानांनी जेथे हात टेकले, तेथे विद्यापीठाची पायरीही न चढलेल्या या तरुणाचा पाड तो काय लागणार?

पण अर्नेस्ट मागे हटला नाही. जी क्रिया प्रयोगशाळेतील भांड्यात बिनचूक घडते, ती कारखान्यात फसत असेल तर दोष क्रियेचा नसून यंत्राचा असला पाहिजे, असे त्याने मनाशी ठरविले. त्याचा धाकटा भाऊ आल्फ्रेड त्याला येऊन मिळाला. दोघा भावांनी प्रथम एका लहानशा कार्यशाळेत प्रयोग केले. १८६३ साली वडिलांची पुंजी आणि काही स्नेह्यांचा पैसा यांच्या बळावर त्यांनी आपली कंपनी स्थापन केली, आणि शार्लरुआ शहराजवळ कुये या गावी कारखाना उभारला.

१८६५ साली कारखाना सुरू झाला; पण पहिली काही वर्षे अतिशय कठीण गेली. आज हे यंत्र बिघडे, तर उद्या ते. सोडा थोडाच निघे आणि खर्च मात्र वाढत जाई. घरातील पैसा संपत आला. आता मागे फिरले तर कुटुंबाची साठवण बुडणार, आणि पुढे गेले तर कर्जही बुडण्याची भीती, असा पेच पडला. घरच्या माणसांनी अशाही वेळी विश्वास ढळू दिला नाही. उरलेसुरले त्यांनी मुलांच्या हवाली केले. दोघे बंधू दिवसरात्र कारखान्यात राबू लागले. प्रत्येक दोष हेरून त्यांनी यंत्राचा तेवढाच भाग सुधारला. एकदम सगळे पालटण्याच्या मोहात ते पडले नाहीत.

सरतेशेवटी यश आले ते एका उंच मनोऱ्यामुळे. या मनोऱ्यात अमोनिया मुरविलेले मिठाचे पाणी वरून खाली उतरते आणि कर्बवायू खालून वर चढतो. वाटेत ठिकठिकाणी दोघांची गाठ पडते, आणि खाण्याचा सोडा तळाशी जमत जातो. कर्बवायूसाठी चुनखडी भाजावयाची. भाजून उरलेली चुनकळी फेकून न देता, क्रियेअंती उरलेल्या नवसागराच्या पाण्यात ती मिसळावयाची, म्हणजे अडकलेला अमोनिया मोकळा होऊन पुन्हा मनोऱ्यात जातो. खाण्याचा सोडा भट्टीत तापविताना जो कर्बवायू निघतो, तोही परत कामास येतो. अशा रीतीने तोच अमोनिया पुनःपुन्हा राबतो, आणि खर्ची पडतात ती केवळ मीठ व चुनखडी. रेबेकच्या घरी लहानपणी पाहिलेल्या त्याच या दोन स्वस्त वस्तू.

आता सॉल्व्हे यांची कीर्ती दूरवर पसरली. १८७२ साली लुडविग माँड यांनी इंग्लंडसाठी या रीतीचा परवाना घेतला आणि जॉन ब्रनर यांच्या भागीदारीत तेथे कारखाना काढला. फ्रान्स, जर्मनी, रशिया, अमेरिका या देशांतही मनोरे उभे राहिले. सोडा स्वस्त झाला. त्याबरोबर काच आणि साबण गोरगरिबांच्या घरी पोहोचले. लेब्लाँच्या रीतीचे कारखाने एकामागून एक बंद पडले. भारतात सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील मिठापूर येथे १९३९ साली स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सच्या कारखान्यातही पुढे याच पद्धतीने सोडा होऊ लागला.

या रीतीतही उणीव नव्हती असे नाही. तिच्यात शेवटी एक क्षारयुक्त पाणी उरते. ते नद्यासरोवरांत सोडल्याने काही ठिकाणी मोठी हानी झाली. अमेरिकेतील ओनोंडागा सरोवर अशाच टाकाऊ द्रव्यांनी बिघडले. एका पिढीने एक अडचण दूर करावी आणि उरलेली पुढच्या पिढीने हाती घ्यावी, असाच विज्ञानाचा क्रम आहे.

सॉल्व्हे आता अतिशय श्रीमंत झाले होते. परंतु कारखाना ज्यांच्या श्रमांवर उभा राहिला त्या कामगारांना ते विसरले नाहीत. कायद्याची सक्ती होण्यापूर्वीच त्यांच्या कंपनीने निवृत्तिवेतन, आठ तासांचा दिवस आणि पगारी रजा या सोयी सुरू केल्या. ब्रुसेल्स शहरी त्यांनी शरीरविज्ञान आणि समाजशास्त्र यांच्या अभ्यासासाठी संस्था उभारल्या. ज्यांना स्वतःला विद्यापीठात शिकता आले नाही, त्यांनी इतरांसाठी विद्येची दारे उघडली.

१९११ साली सॉल्व्हे यांनी ब्रुसेल्स येथे पदार्थवैज्ञानिकांची एक परिषद भरविली. माक्स प्लांक, अर्नेस्ट रदरफोर्ड, मादाम क्यूरी, आणि त्या वेळी अवघ्या बत्तीस वर्षांचे असलेले आल्बर्ट आइन्स्टाइन असे थोर शास्त्रज्ञ तिला उपस्थित होते. प्रारण आणि पुंज सिद्धांत यांविषयी त्यांनी कित्येक दिवस चर्चा केली. सॉल्व्हे यांच्या नावाने या परिषदा पुढेही भरत राहिल्या. १९२७ सालच्या परिषदेस जे एकोणतीस शास्त्रज्ञ जमले, त्यांपैकी सतरा जणांना तेव्हापूर्वी किंवा त्यानंतर नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१४ साली पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने बेल्जियम व्यापला, आणि देशावर उपासमारीची पाळी आली. त्या वेळी शहात्तर वर्षांच्या सॉल्व्हे यांनी अन्नसाहाय्य करणाऱ्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्षपद स्वीकारले. त्यांना पर्वतारोहणाचीही आवड होती. स्वित्झर्लंडमधील मॅटरहॉर्न या बिकट शिखराच्या वाटेवर, सुमारे चार हजार मीटर उंचीवर, वादळात सापडलेल्या गिर्यारोहकांना आसरा देणारी एक लाकडी कुटी आहे. ती त्यांच्याच देणगीतून उभी राहिली आणि आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. फुप्फुसांच्या आजाराने ज्याला तरुणपणी अंथरुणास खिळविले, त्याचे नाव असे आल्प्सच्या शिखराजवळ जाऊन पोहोचले.

२६ मे १९२२ रोजी, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, ब्रुसेल्स येथे अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी देह ठेवला.

सॉल्व्हे यांना सापडलेली क्रिया त्यांच्या आधी अनेकांना सापडली होती. ती इतरांच्या हातून सुटली आणि सॉल्व्हे यांच्या हाती टिकली, याचे कारण त्यांची चिकाटी. निसटून जाणारा अमोनिया परत कसा आणावा, एवढ्या एका प्रश्नाचा त्यांनी वर्षानुवर्षे पिच्छा पुरविला आणि जे वाया जाते त्याचाच उपयोग करून दाखविला. करकंबसारख्या गावी एखादी माउली जड पाण्यात सोडा टाकते, आणि घटकाभराने दोरीवर शुभ्र धुणे वाळत पडते. त्या शुभ्रतेमागे दोन भावांचे अहोरात्र श्रम आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या एका कुटुंबाचे धैर्य आहे.