जगातलं पहिलं काचेचं मत्स्यालय बनवणारी शिवणकामवाली

मासे पाळणारे आज फिल्टरच्या पाणी खेचणाऱ्या पाईपवर स्पंज चढवतात. पाणी आत जातं, गप्पीची पिल्लं मात्र ओढली जात नाहीत. पाणी खेळतं ठेवायचं, पण जीव जाऊ द्यायचा नाही, हे कोडं एका बाईने जवळपास दोनशे वर्षांपूर्वी सोडवलं होतं.

तिचं नाव झान विलप्रो-पॉवर. जन्म १७९४, फ्रान्समधल्या जुयाक गावी, चांभाराच्या घरात. पॅरिसमध्ये ती शिवणकाम करायची. १८१६ मध्ये एका राजकन्येच्या लग्नाचा पोशाख शिवून तिचं नाव झालं. दोन वर्षांनी जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशी लग्न करून ती सिसिलीतल्या मेसिनाला गेली आणि स्वतःच निसर्गशास्त्र शिकली.

तेव्हा शास्त्रज्ञांत एक वाद होता. अर्गोनॉट नावाच्या ऑक्टोपसचं नाजूक कवच त्याचं स्वतःचं, की दुसऱ्याचं ढापलेलं? मेलेला प्राणी पाहून हे कळणार नव्हतं.

म्हणून १८३२ मध्ये तिने काचेची मत्स्यालयं बनवली. समुद्रात नांगरून ठेवायचे पिंजरेही केले. त्यांच्या फटी अशा, की पाणी येत-जात राहावं, पण प्राणी निसटू नयेत. मग तिने जिवंत मादीच्या कवचाचा तुकडा मोडला. मादीने ते पुन्हा बुजवलं. कवच तिचंच होतं!

पुढे सिसिली सोडताना जहाज बुडालं आणि झानचा बराचसा संग्रह समुद्राने गिळला. १८७१ मध्ये ती गेली, नावही विस्मरणात गेलं. १९९७ मध्ये शुक्र ग्रहावरच्या एका विवराला तिचं नाव मिळालं.