फेलिक्स हॉफमन : ॲस्पिरिनच्या गोळीमागचा माणूस

नांदेड असो की लातूर, ॲस्पिरिनची गोळी कोणत्याही मेडिकलवर मिळते. ती औषध म्हणून टिकेल इतक्या शुद्ध रूपात बनवणारा माणूस मात्र आपल्याला ठाऊक नसतो.

फेलिक्स हॉफमन यांचा जन्म 21 जानेवारी 1868 रोजी जर्मनीतील लुडविग्सबर्ग येथे झाला. औषधशास्त्र शिकून ते 1894 मध्ये बायर कंपनीत लागले. त्या काळी सांधेदुखीवर सॅलिसिलिक आम्ल देत. त्याचा माग विलो झाडाच्या सालीवरून लागला होता. ओढ्याकाठचा आपला वाळुंज त्याच कुळातला. दुखणं थांबायचं, पण पोटात आग पडायची. हॉफमन यांच्या वडिलांनाही हाच त्रास होता, असं सांगतात. 10 ऑगस्ट 1897 रोजी त्यांनी या आम्लाला ॲसिटिल गट जोडला. 1899 मध्ये त्याचं 'ॲस्पिरिन' हे नाव नोंदवलं गेलं. गंमत नव्हे, पण त्याच महिन्यात त्यांनी हेरॉइनही बनवलं, आणि तेही खोकल्याचं औषध म्हणून विकलं गेलं!

पुढे श्रेयाचा वाद झाला. आर्थर आयशेनग्रून हे ज्यू सहकारी नाझी छळछावणीतून वाचले. हॉफमन यांनी काम आपल्या सांगण्यावरून केलं, असा दावा त्यांनी 1949 मध्ये मांडला. उत्तर द्यायला हॉफमन नव्हते. लग्न न करता एकटे राहिलेले ते 1946 मध्येच वारले होते. मला आयशेनग्रून यांचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं वाटत नाही.

गोळी काम कशी करते, हे दोघांनाही कळलं नाही. 1971 मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं, की ती वेदना आणि सूज वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स बनूच देत नाही. रक्तपट्टिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटणंही ती रोखते. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तवाहिनीत गुठळी वाढत असते, म्हणून तिथे ती उपयोगी पडते.

आपल्याकडे छातीत कळ आली की पित्त झालंय, गॅस झालाय म्हणत तासन् तास घालवतात. छाती दाबल्यासारखी वाटली, घाम फुटला, तर आधी 108 ला फोन लावा. डॉक्टरांनी सांगितलं तर साधारण 300 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला देतात. चावल्याने ती लवकर रक्तात जाते. ॲलर्जी, पोटातला अल्सर किंवा रक्तस्राव असेल तर देऊ नये. तोंड वाकडं झालं, हातपाय लुळे पडले, तर मुळीच नाही, कारण मेंदूत रक्तस्राव असू शकतो. डेंग्यूच्या संशयात किंवा लहान मुलांच्या तापातही नको. आणि गोळी किती वाजता दिली ते दवाखान्यात नक्की सांगा, कारण तिचा परिणाम आठवडाभर तरी रक्तात राहतो.